विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ

मुंबईहून दिल्लीला विमानानं किती वेळ लागतो, या प्रश्नाचं एक उत्तर फार सोपं आहे. दोन्ही विमानतळांमधलं अंतर सुमारे 1,140 किलोमीटर, जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटरच्या पुढे, म्हणजे जेमतेम दीड तास. यातले दोन्ही आकडे बरोबर आहेत, भागाकारही बरोबर आहे, आणि तरीही निघणारा निष्कर्ष प्रवाशाच्या उपयोगाचा नाही. वेळापत्रकात याच प्रवासाला सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. मुंबईतल्या घरातून निघून दिल्लीतल्या इच्छित ठिकाणी पोचायला तर पाच-सहा तास सहज जातात. दीड तासाच्या हिशेबावर दुपारची मुलाखत किंवा दवाखान्यातली भेटीची वेळ ठरवली, तर ती चुकण्याचीच शक्यता जास्त. म्हणून या लेखाचं सांगणं एवढंच आहे: दोन विमानतळांमधलं अंतर प्रवासाचा वेळ ठरवत नाही, ते त्या वेळेची फक्त खालची मर्यादा सांगतं. बेत आखायचा तो दारापासून दारापर्यंतच्या वेळेवर. अंतराचा आकडाही कामाचा आहे, पण त्याची कामं वेगळी आहेत आणि ती कोणती, हे ओळखून तो वापरायला हवा.

आधी हे अंतर मोजतात कसं ते पाहू. कोणत्याही संकेतस्थळावर दोन विमानतळांची नावं घातली की जो आकडा येतो, तो पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या रेषेचा असतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ही रेषा वाकडी दिसते. मुंबई-न्यूयॉर्क मार्ग उत्तरेकडे खूप वर चढल्यासारखा वाटतो, पण गोलावर दोरा ताणून पाहिला तर तोच सर्वांत जवळचा निघतो. मात्र ही रेषा गणिताची आहे. प्रत्यक्षात विमान वाऱ्याच्या दिशेनुसार ज्या बाजूची धावपट्टी चालू असेल तिथून उडतं, ठरवून दिलेल्या वळणांनी शहराबाहेर पडतं, आखलेल्या हवाईमार्गांनी जातं, लष्करासाठी राखलेला भाग टाळतं आणि उतरताना पुन्हा रांगेत येण्यासाठी वळसा घेतं. म्हणून उडालेलं अंतर मोजलेल्या अंतरापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त भरतं.

वेगाचंही तसंच आहे. एअरबस ए320सारखं विमान उंचीवर ताशी सुमारे 830 किलोमीटरनं जातं, पण तो वेग संपूर्ण प्रवासाचा नसतो. दहा हजार फुटांखाली, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीखाली, विमानांना सर्वसाधारणपणे 250 नॉटची मर्यादा पाळावी लागते, आणि 250 नॉट म्हणजे ताशी साधारण 460 किलोमीटर. त्याआधी आणि त्यानंतर जमिनीवर सावकाश सरकणं असतंच. तिकिटावर दिलेला वेळ हा विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतचा असतो. विमानवाहतुकीत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हा वेळ धरून सरासरी वेग काढला की फरक लख्ख दिसतो. मुंबई ते गोव्यातलं दाबोळी हे अंतर सुमारे 425 किलोमीटर आणि वेळ सव्वा तास ते एक तास पंचवीस मिनिटं, म्हणजे सरासरी वेग ताशी तीनशेवीसच्या आसपास. मुंबई-दिल्लीला तो पाचशेपर्यंत जातो. मुंबई-लंडन हे सुमारे 7,200 किलोमीटर अंतर दहा तासांच्या आसपास कापलं जातं, तेव्हा कुठे सरासरी सातशेच्या वर पोचते. प्रवास जितका छोटा, तितका चढण्या-उतरण्याचा आणि जमिनीवरचा वाटा मोठा. त्यामुळे अंतर निम्मं झालं म्हणून वेळ निम्मा होत नाही. ढोबळ अंदाज हवाच असेल तर किलोमीटरला 800नं भागावं आणि अर्धा तास मिळवावा. मुंबई-दिल्लीसारख्या गर्दीच्या विमानतळांसाठी आणखी पंधरा-वीस मिनिटं. एवढ्यानं तिकिटावरच्या वेळेच्या जवळपास जाता येतं, घरी पोचण्याच्या वेळेच्या नाही.

अंतरावर विसंबू नये याचा सर्वांत भक्कम पुरावा वाऱ्याकडून मिळतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहत असतात आणि हिवाळ्यात त्यातला एक उत्तर भारतावरून जातो. त्यामुळे एकाच दोन शहरांमधला जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा नसतो. कोलकात्याहून मुंबईला येताना वारा समोरून लागतो, म्हणून जातानापेक्षा येताना वेळ जास्त धरलेला असतो. लंडनहून मुंबईला येणारं विमान जाणाऱ्यापेक्षा साधारण तासभर लवकर पोचतं. एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाणानं तर अंतराचा हिशेब उलटाच करून दाखवला. ही सेवा डिसेंबर 2015 मध्ये सुरू झाली तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेण्यात आलं. अंतर हजारभर किलोमीटरनं वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झालं, पण पाठीमागून वारा मिळाल्यानं ते साडेचौदा तासांत पार झालं आणि जुन्या मार्गापेक्षा दोनेक तास वाचले. जिथे जास्त अंतर कमी वेळात कापलं जातं, तिथे केवळ किलोमीटर मोजून वेळ काढणं व्यर्थ आहे.

वाऱ्याइतकाच परिणाम राजकारणाचा होतो. पाकिस्तानची हवाई हद्द फेब्रुवारी ते जुलै 2019 या काळात बंद होती आणि एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांसाठी ती पुन्हा बंद झाली. दिल्ली आणि युरोप-अमेरिकेतली शहरं यांच्यातलं नकाशावरचं अंतर त्यामुळे इंचभरही बदललं नाही, पण अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागल्यानं वेळ वाढला, आणि अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. मुंबईहून निघणाऱ्या प्रवाशाला हा फटका दिल्लीच्या प्रवाशाइतका बसत नाही, कारण त्याचा मार्ग मुळातच दक्षिणेकडचा. 2022 पासून रशियाची हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली, तेव्हा हेलसिंकी-टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. परदेशी प्रवासाचा बेत जुन्या माहितीवर किंवा नातेवाइकांच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर का आखू नये, याचं कारण हेच. पाहायचं ते आजचं वेळापत्रक.

देशातल्या प्रवासात वाऱ्यापेक्षा गर्दी मोठी. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारनं गर्दीच्या तासांतली विमानांची ये-जा ताशी 46 वरून 44 वर आणली. विमानांना शहरावर 40 ते 60 मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात आणि अशा घिरट्यांत तासाला सरासरी 2,000 किलो इंधन जळतं, हे कारण त्या वेळी सरकारनंच दिलं होतं. पावसाळ्यात दृश्यता कमी झाली की दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि रांग आणखी लांबते. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे धुकं हेच काम करतं. तेव्हा महत्त्वाचं काम असेल तर हिवाळ्यात दिल्लीसाठी पहाटेचं विमान टाळावं आणि शक्य असल्यास आदल्या दिवशी पोचावं. इतर ऋतूंत मात्र सकाळचं पहिलं विमान सर्वांत भरवशाचं. दिवसभर तेच विमान गावोगाव फिरत असतं, सकाळी झालेला उशीर त्याच्याबरोबर संध्याकाळपर्यंत पुढे सरकतो, आणि पहिल्या फेरीला असा मागचा उशीर चिकटलेला नसतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. विमान कंपन्या वेळापत्रकात वेळ मुद्दाम वाढवून ठेवतात, मग तिकिटावरच्या वेळेवर तरी विश्वास का ठेवायचा? वेळ वाढवलेला असतो हे खरं आहे. सुटण्या-पोचण्यात 15 मिनिटांपर्यंतचा फरक वक्तशीरपणाच्या मोजणीत उशीर धरला जात नाही, आणि त्या मोजणीत वर राहण्यासाठी वेळापत्रक थोडं सैल ठेवणं कंपनीच्या फायद्याचं असतं. पण या सैलपणात प्रवाशाचाही फायदा आहे, कारण त्यात रनवेवरची रांग आणि आकाशातला वळसा आधीच धरलेला असतो. अंतर भागिले वेग या हिशेबात यातलं काहीच नसतं. ज्याला तिकिटावरच्या वेळेची खातरजमा करायची आहे, त्यानं विमानांचा मागोवा ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाचं विमान गेल्या आठ-दहा दिवसांत प्रत्यक्ष कधी सुटलं आणि कधी पोचलं ते पाहावं. हे फुकट पाहता येतं, पाच मिनिटांत होतं, आणि दोन विमानांचे दर सारखे असतील तर कोणतं घ्यायचं याचा निर्णय त्यावरून करता येतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे दारापासून दारापर्यंतच्या वेळेकडे येऊ. देशांतर्गत प्रवासात चेक-इनचे काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या एक तास आधी आणि बोर्डिंगचं गेट 25 मिनिटं आधी बंद करतात. सामान द्यायचं असेल तर दोन तास आधी पोचणं शहाणपणाचं, नुसती हातातली बॅग असेल आणि वेब चेक-इन झालं असेल तर दीड तासही पुरतो. उतरल्यावर बाहेर पडायला आणि सामान घ्यायला अर्धा-पाऊण तास. दोन्ही टोकांचा रस्ता वेगळा. आणि ही टोकंच आता सर्वांत जास्त बदलत आहेत. गोव्यात दाबोळीबरोबर पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू आहे. मुंबईला 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरमध्ये तिथून विमानं उडू लागली. आकाशातल्या अंतरात यामुळे फारसा फरक पडत नाही, रस्त्यावरच्या वेळेत मात्र तासा-दोन तासांचा पडतो. मडगाव-काणकोणला जाणाऱ्यासाठी दाबोळी सोयीचं, म्हापसा, सावंतवाडी, वेंगुर्ल्यासाठी मोपा. पनवेल, खारघर, उरणच्या माणसाला नवी मुंबई जवळची, बोरिवलीच्या माणसाला ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून तिकीट काढताना शहराचं नाव वाचून थांबू नये, विमानतळाची तीन अक्षरंही वाचावीत: मुंबई बीओएम, नवी मुंबई एनएमआय, दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. जुन्या मुंबई विमानतळाची दोन टर्मिनलं सांताक्रूझ आणि सहार अशा वेगवेगळ्या बाजूंना आहेत, तेव्हा टर्मिनलचा क्रमांकही पाहून ठेवावा.

हा हिशेब एकदा मांडला की कधीकधी विमानच मागे पडतं. ठाण्याहून कणकवलीला जायचं आहे असं धरा. घर ते विमानतळ एक तास, विमानतळावर दीड तास, उड्डाण साधारण एक तास वीस मिनिटं, बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास, आणि मोपाहून कणकवलीपर्यंत उलट दिशेनं रस्त्यानं सव्वा-दीड तास. बेरीज पावणेसहा-सहा तासांवर जाते. मुंबई-मडगाव वंदे भारत ठाण्याला थांबते, कणकवलीलाही थांबते, आणि पावसाळा सोडून हे अंतर साडेपाच तासांच्या आसपास कापते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक संथ होतं, तेव्हा ही तुलना पुन्हा करावी. त्याच मुंबईतून नागपूरला जाणाऱ्याचं उत्तर वेगळं येतं. विमानाचं अंतर सुमारे 680 किलोमीटर, उड्डाण दीड तासाचं, आणि दोन्ही टोकं धरून पाच ते सहा तास. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, तरी गाडीनं आठ तास लागतात आणि त्यात मुंबईतून आमण्यापर्यंत, म्हणजे महामार्गाच्या सुरुवातीपर्यंत, पोचण्याचा वेळ धरलेला नाही. इथे विमान जिंकतं, पण दीड विरुद्ध आठ असं नव्हे, साडेपाच विरुद्ध नऊ-दहा असं. चौघांचं कुटुंब, त्यांचं सामान आणि तिकिटांची रक्कम यांचा विचार करून निर्णय घ्यायचा असेल तर खरी तुलना डोळ्यांसमोर हवी. रात्री निघून सकाळी नागपुरात उतरवणारी रेल्वेही या तुलनेत धरावी, कारण तिच्यातला बराचसा वेळ झोपेचाच असतो.

कुणी म्हणेल, दारापासून दारापर्यंतचा वेळ माणसागणिक बदलतो, मग असला आकडा काय कामाचा? उलट, तो माणसागणिक बदलतो म्हणूनच कुठल्याही संकेतस्थळाला तो देता येत नाही आणि प्रत्येकानं तो स्वतः काढायचा असतो. त्यात अवघड काही नाही. मधला भाग सगळ्यांना सारखा असतो आणि तिकिटावर छापलेला असतो, बदलतात ती फक्त दोन टोकं. वयस्कर आई-वडील, व्हीलचेअर किंवा लहान मूल बरोबर असेल तर विमानतळावरच्या वेळेत अर्धा तास वाढवावा, शुक्रवार संध्याकाळ किंवा सुट्टीचा दिवस असेल तर रस्त्याच्या वेळेत.

परदेशी प्रवासात आणखी एक चूक सर्रास होते, ती घड्याळाची. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते. जानेवारीत मुंबईहून दुपारी 1 वाजता निघून लंडनला संध्याकाळी 5.30ला पोचणारं विमान साडेचार तासांचं दिसतं. त्यात साडेपाच तासांचा फरक मिळवला की खरे दहा तास निघतात. येताना उलट करायचं: रात्री 8.30ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11ला पोचणारं विमान साडेचौदा तासांचं दिसलं तरी नऊ तासांचंच असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधलं घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून तो फरक साडेचार तासांवर येतो. औषधाच्या वेळा पाळणाऱ्यांनी, मधुमेहाच्या रुग्णांनी आणि न्यायला येणाऱ्या नातेवाइकांनी हा हिशेब आधीच कागदावर मांडून ठेवावा. ‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ यांतला फरकही पाहावा: डायरेक्ट विमान एकाच क्रमांकानं जात असलं तरी वाटेत उतरू शकतं.

मध्ये विमान बदलायचं असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत का, हे सर्वांत आधी तपासावं. एकाच तिकिटावर असतील आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर पुढची व्यवस्था करणं कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडली म्हणून काढली असतील तर ते नुकसान तुमचं. अशा वेळी देशांतर्गत बदलात किमान तीन-चार तास आणि देशातून परदेशात जाताना त्याहून जास्त अंतर ठेवावं, कारण सामान घेऊन बाहेर येणं, पुन्हा चेक-इन करणं, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी हे सगळं नव्यानं करावं लागतं. एक विमान सहारला आणि दुसरं नवी मुंबईला असेल, तर शहर ओलांडण्याचा वेळ आणखी वेगळा.

मग अंतराचा आकडा टाकाऊ आहे का? मुळीच नाही. युरोपीय संघाचा 2004 चा नियम क्रमांक 261 विमान रद्द झाल्यास किंवा कंपनीच्या दोषानं तीन तासांहून अधिक उशिरा पोचल्यास भरपाई देतो आणि ती अंतरावर ठरते: 1,500 किलोमीटरपर्यंत 250 युरो, त्यापुढच्या मधल्या टप्प्यांना 400, आणि युरोपाबाहेरच्या 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला 600 युरोपर्यंत. त्यामुळे फ्रँकफर्ट किंवा पॅरिसहून मुंबईला येणाऱ्या प्रवाशाला अंतर माहीत असणं म्हणजे आपला हक्क माहीत असणं. भारतातही डिसेंबर 2025 मध्ये उड्डाणं मोठ्या संख्येनं रद्द झाली, तेव्हा सरकारनं भाड्यांवर घातलेली मर्यादा अंतराच्या टप्प्यांवरच होती. पण आपल्याकडची भरपाई अंतरावर ठरत नाही, ब्लॉक टाइमवर ठरते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, वेळेत कळवल्याशिवाय विमान रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500 आणि दोन तासांपेक्षा लांबच्या उड्डाणाला 10,000 रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळते. म्हणजे मुंबई-नागपूर दुसऱ्या गटात येतं आणि मुंबई-दिल्ली तिसऱ्या. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर विमानतळावर खाण्यापिण्याची सोय करणं कंपनीवर बंधनकारक असतं. तिकिटावरचा वेळ लिहून ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

सारांश असा की प्रत्येक आकड्याचं काम ठरलेलं आहे. अंतर हे कायद्यासाठी, भाड्याच्या तुलनेसाठी आणि ढोबळ अंदाजासाठी. तिकिटावरचा वेळ हा एका विमानाची दुसऱ्याशी तुलना करण्यासाठी. आणि जायचं कसं, निघायचं कधी, भेटीची वेळ कोणती द्यायची, हे ठरवण्यासाठी दारापासून दारापर्यंतचा वेळ. तिकिटाचे पैसे भरण्याआधी एका कागदावर पाच आकडे लिहा: घरातून विमानतळापर्यंत, विमानतळावर, तिकिटावरचा, उतरल्यावर बाहेर पडण्याचा आणि तिथून मुक्कामापर्यंतचा. त्यांची बेरीज करा, न चुकवण्यासारखं काम असेल तर त्यात दोन तासांची मोकळी जागा ठेवा, आणि मगच तिकीट काढा.